सारा डोंगर एकाच जोडीवर : सोंद्रे नॉरहाइमची गोष्ट

नांदेड-लातूरकडच्या माणसाला बर्फ ठाऊक असतो तो रसवंतीतला, किंवा फार तर मासळीबाजारातला. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे सरकणारा हा मुलूख. तरीही नांदेडहून सुटणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसने अमृतसर गाठून पुढे हिमाचल आणि काश्मीरकडे वळणारी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. सोलंग किंवा गुलमर्गला पोहोचल्यावर भाड्याने साहित्य देणाऱ्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेल्या स्कींची रांग दिसते. काही अरुंद, काही रुंद, काहींची टोके पुढून वळलेली, तर काहींची दोन्हीकडून. यांतली कोणती घ्यावी, असा प्रश्न पडतो आणि दुकानदार हाताला येईल ती जोडी पुढे करतो. या प्रश्नाचे उत्तर ज्या एका माणसाच्या आयुष्यात दडलेले आहे, तो दीडशे वर्षांपूर्वी नॉर्वेतल्या एका डोंगराळ खेड्यात अत्यंत गरिबीत जगला. त्याचे नाव सोंद्रे नॉरहाइम. आधुनिक स्कीइंगचा जनक म्हणून जग त्याला ओळखते.

नॉर्वेच्या दक्षिणेला टेलेमार्क नावाचा प्रांत आहे. त्यातल्या मोर्गेदाल या खोऱ्यात १० जून १८२५ रोजी सोंद्रेचा जन्म झाला. त्याचे घराणे जमिनीचे मालक नव्हते. जमीनदाराने दिलेल्या तुकड्यावर झोपडीवजा घर बांधायचे, थोडेफार पिकवायचे आणि त्याच्या बदल्यात मालकाच्या शेतावर राबायचे, अशी पद्धत त्या काळी नॉर्वेत होती. आपल्याकडचे कूळ आणि सालगडी यांच्या मधली ही अवस्था म्हणता येईल. अशा माणसाला स्वतःचे म्हणावे असे आडनावही नसे. ज्या वस्तीवर तो राही, तिचेच नाव त्याला चिकटे. सोंद्रेच्या बाबतीत ती वस्ती नॉरहाइम ही होती. १८५४ मध्ये रान्नेई नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. संसार वाढला, पण परिस्थिती पालटली नाही.

स्की ही वस्तू त्याने शोधून काढली नाही, हे आधीच सांगायला हवे. स्कँडिनेव्हियात माणूस हजारो वर्षांपासून पायाला फळ्या बांधून बर्फावरून चालत आला आहे. खडकांवर कोरलेल्या चित्रांतही अशी माणसे दिसतात. नॉर्स भाषेतल्या त्या शब्दाचा मूळ अर्थच चिरलेले लाकूड असा आहे. स्की हे तिथे खेळणे नव्हते. शिकारीला जाणे, सरपण आणणे, शेजारच्या वस्तीवर पोहोचणे, चर्चला जाणे, हे सारे हिवाळ्यात त्या फळ्यांवरूनच चाले.

मात्र या फळ्या जिथल्या तिथल्या जमिनीपुरत्या घडलेल्या होत्या. पूर्वेकडच्या सपाट, जंगली भागांत तर दोन पायांत दोन वेगळ्या स्की वापरत. एका पायात खूप लांब, घसरत जाणारी, आणि दुसऱ्या पायात आखूड, तळाला कातडे लावलेली, रेटा देण्यासाठी. सपाटीवर अंतर कापायला ही जोडी उत्तम होती. पण उतारावर वळायचे म्हटले की तिची अडचण होई. पायाला बांधायची सोयही जुजबीच असे. चवड्यावरून एक पट्टा जाई आणि टाच पूर्णपणे मोकळी राही. उतारावर वेग आला की पाय फळीवर डगमगे आणि उडी मारली तर फळी पायातून निसटून जाई. म्हणून माणसे हाती एक लांबलचक काठी घेत आणि तिच्यावर भार टाकून, तिला ब्रेकसारखे वापरत खाली उतरत.

मोर्गेदालचा प्रदेश सपाट नाही. तिथे चढ, उतार, झाडी, खडक, ओहोळ आणि शेतांचे बांध यांची दाटी आहे. शिवाय बर्फ कधी एकसारखा नसतो. रात्री पडलेला ताजा बर्फ पिठासारखा भुसभुशीत असतो. दुपारच्या उन्हाने तो ओला आणि जड होतो. रात्री पुन्हा गोठला की काचेसारखा टणक होतो. वाऱ्याने दाबलेल्या बर्फावर पापुद्रा धरतो आणि पाय पडताच तो फुटतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली, पहिल्या पावसानंतर पायाला चिकटणारी आणि वाफसा आल्यावर लोण्यासारखी कशी असते, हे तो जाणतो. म्हणूनच तो नांगर, वखर, तिफण आणि कोळपे अशी वेगवेगळी अवजारे बाळगतो. मोर्गेदालच्या डोंगरातल्या माणसाला मात्र घरातून बाहेर पडल्यावर अवजार बदलण्याची सोय नव्हती. एका फेरीत त्याला चारही प्रकारचा बर्फ भेटे आणि पायातल्या एकाच जोडीने तो पार करावा लागे. नॉरहाइमची सारी कारागिरी या अडचणीतून जन्माला आली.

त्याने पहिली गोष्ट केली ती टाचेची. झाडाच्या लवचीक कोवळ्या फांद्या आणि मुळे पिळून त्याने टाचेमागून जाणारे बंध तयार केले. त्यामुळे टाच वर उचलता येई, पण पाय फळीवरून आडवा सरकत नसे. आता पाय वळला की फळीही वळू लागली आणि उडी मारून खाली आल्यावरही ती पायातच राहू लागली. आज ज्याला बाइंडिंग म्हणतात, त्याचा विकास या पिळलेल्या फांद्यांपासून पुढे सरकला.

दुसरी गोष्ट आकाराची. त्याने वापरलेली स्की त्या काळच्या मानाने आखूड होती आणि तिला कंबर होती. म्हणजे पुढचे टोक रुंद, मधला भाग निमुळता आणि शेपटीकडे पुन्हा थोडी रुंदी. हा बदल दिसायला किरकोळ आहे, पण त्यातले शास्त्र साधे आणि पक्के आहे. सरळ कडेची फळी कुशीवर कलंडली तरी सरळच जाऊ पाहते. कमरेत निमुळती असलेली फळी कलंडली की तिचे दोन्ही रुंद भाग आधी बर्फात रुततात. अंगाच्या भाराने मधला भाग खाली वाकतो आणि कडेची संपूर्ण रेषा धनुष्यासारखी वक्र होते. मग फळी त्या वक्रावरून आपोआप वळत जाते. माणसाला ताकद लावून तिला ओढावे लागत नाही. नुसते कलणे पुरते. कमरेची फळी नॉरहाइमच्या आधी टेलेमार्कात कुणी केलीच नव्हती, असे म्हणता येत नाही. अशा आकाराचे प्रयोग तिथे होत असणार, असे अभ्यासक मानतात. पण तो आकार, टाचेचा बंध आणि वळण्याचे तंत्र या तिन्हींची सांगड घालून ते जगासमोर ठेवण्याचे श्रेय निर्विवादपणे त्याचे आहे.

हे सारे त्याला सुचले कसे, याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे. नॉरहाइम हा मूलतः खेळकर माणूस होता. घरात कामे पडलेली असताना तो मुलांना घेऊन टेकडीवर उड्या मारत बसे, घराच्या छपरावरून स्कीसह खाली झेप घेई, अशा कथा मोर्गेदालमध्ये आजही सांगतात. त्यांत दंतकथेचा भाग असेलच. पण छोट्या टेकाडावरून उडी घेणे, झाडांमधून वाट काढणे, अचानक वळणे आणि जागच्या जागी थांबणे हा त्याचा छंद होता, यात शंका नाही. गरजेपुरती वापरली जाणारी फळी पिढ्यान्पिढ्या तशीच राहिली असती. खेळताना माणूस अवजाराला त्याच्या मर्यादेपर्यंत ताणतो आणि मग ते कुठे कमी पडते हे त्याला कळते. नॉरहाइमच्या फळ्यांची परीक्षा रोज अशी होत होती. स्की बनवणारा आणि तिची कसोटी घेणारा, दोन्ही तो स्वतःच होता.

मोर्गेदालच्या बोलीतले काही शब्द या काळात घडले. उतार आणि माग या अर्थाचे दोन शब्द जोडून तिथे स्लालोम हा शब्द रूढ झाला. तो आज ऑलिम्पिकच्या शर्यतीचे नाव आहे. एक पाय पुढे, दुसरा मागे, मागची टाच उचललेली आणि गुडघा वाकवलेला, असे घेतलेले वळण टेलेमार्क वळण म्हणून ओळखले जाते.

१८६६ मध्ये जवळच्या होयदाल्स्मो भागात स्कीची एक स्पर्धा झाली. तीत नॉरहाइमच्या उडीने पाहणाऱ्यांना थक्क केले. पण खरी कसोटी दोन वर्षांनी आली. फेब्रुवारी १८६८ मध्ये राजधानी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, मोठी स्पर्धा जाहीर झाली. नॉरहाइम तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. गाडीघोड्याचे भाडे परवडणारे नव्हते. गावातल्या दोन साथीदारांना घेऊन तो स्कीवरूनच निघाला आणि सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर तीन दिवसांत कापून राजधानीत पोहोचला. नांदेडहून निघून लातूर मागे टाकावे आणि तुळजापूर गाठावे, जवळपास एवढी ही मजल. तीही डोंगरातून आणि बर्फातून, पायातल्या फळ्यांवर.

शहरातले तरुण लांब काठीवर रेलून, जपून उतरत होते. हा मध्यमवयीन खेडूत काठीवर भार न टाकता, झाडाझुडपांना वळसे घालत वेगाने खाली आला. अडथळ्यावरून उडी घेऊन तो तोल न जाता उतरला आणि ऐटीत वळून थांबला. पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. वर्तमानपत्रांतून त्याचे नाव झळकले आणि राजधानीच्या लोकांना कळले की स्कीवरून उतरणे ही नुसती गरज नसून कला आहे. पुढे मोर्गेदालचेच मिक्केल आणि तोर्युस हेमेस्तवाइत हे दोघे भाऊ १८८१ मध्ये क्रिस्तियानियात स्की शिकवू लागले. ती जगातली पहिली स्की-शाळा मानली जाते.

कौतुक झाले, पण कौतुकाने कुणाची चूल पेटत नाही. टाचेच्या बंधाचे किंवा कमरेच्या फळीचे कोणतेही पेटंट नॉरहाइमच्या नावावर नव्हते. त्याच्या तंत्रावर पुढे मोठमोठे कारखाने उभे राहिले. त्याच्या वाट्याला मात्र दुसऱ्याची जमीन कसणेच आले. त्या काळी नॉर्वेतून लाखो माणसे अमेरिकेच्या वाटेला लागली होती. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली गावे पुण्या-मुंबईकडे रिकामी झाली, त्याची आठवण व्हावी असे ते स्थलांतर होते. १८८४ मध्ये नॉरहाइमही पत्नी आणि काही मुलांसह अटलांटिक ओलांडून गेला. तेव्हा तो साठीला टेकला होता.

आधी मिनेसोटा आणि मग डाकोटाचा प्रदेश, असा त्याचा प्रवास झाला. १८८९ मध्ये या प्रदेशातून नॉर्थ डाकोटा हे राज्य आकाराला आले. तिथल्या मॅकहेन्री परगण्यात तो स्थायिक झाला. जमीन अखेर मिळाली. पण ती होती सपाट गवताळ मैदानाची. बर्फ होता, मोर्गेदालपेक्षाही कडक हिवाळा होता, नव्हता तो फक्त डोंगर. आयुष्यभर उतारावर खेळलेल्या माणसाला अखेरची वर्षे अशा मुलखात काढावी लागली. त्याच्या घराच्या दाराशी स्कीची एक जोडी कायम उभी असे, असे सांगतात. ९ मार्च १८९७ रोजी त्याचे निधन झाले. तिथल्याच एका चर्चच्या आवारात त्याला पुरण्यात आले. थडग्यावर नावाचा दगडही लागला नाही.

तो गेला, पण त्याची फळी थांबली नाही. १८८८ मध्ये फ्रित्योफ नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड पार केले आणि त्याच्या प्रवासवर्णनाने युरोपभर स्कीचे वेड पसरले. १४ डिसेंबर १९११ रोजी रोआल्ड आमुंडसेनच्या तुकडीतली पाच माणसे दक्षिण ध्रुवावर पोहोचली. त्यांतला ओलाव्ह ब्यालांड हा मोर्गेदालचाच स्की-कारागीर होता. ऑस्ट्रियात मथियास झ्दार्स्कीने आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी स्की आणखी आखूड केली आणि तिला धातूचे बाइंडिंग बसवले. १९२६ मध्ये साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने पोलादी कडांचे पेटंट घेतले, तेव्हा टणक बर्फावर लाकडाची घसरण थांबली. १९५० मध्ये अमेरिकेतला विमान-अभियंता हॉवर्ड हेड याने अॅल्युमिनियम आणि लाकूड यांचे थर जोडून स्की बाजारात आणली. टेनिसच्या रॅकेटवर आपण वाचतो ते हेड हे नाव त्याचेच. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने कंबर कमालीची निमुळती केलेली स्की काढली आणि वळणे घेणे नवशिक्यालाही सोपे झाले. नॉरहाइमची कल्पना सव्वाशे वर्षांनी पूर्णत्वाला गेली ती अशी. त्यानंतर २००२ मध्ये शेन मॅकाँकीच्या कल्पनेतून नेमकी उलटी स्की आली. ती मधोमध रुंद आणि दोन्ही टोकांशी नावेसारखी वर उचललेली होती. खोल भुसभुशीत बर्फात ती बुडत नसे, तरंगे.

या दोन टोकांच्या मधे आजची ऑल-माउंटन स्की, म्हणजे साऱ्या डोंगरासाठीची एकच जोडी, उभी आहे. ती निवडताना नॉरहाइमचेच प्रश्न विचारावे लागतात. पहिला प्रश्न कमरेचा. मधली रुंदी पासष्ट ते ऐंशी मिलिमीटर असेल तर स्की टणक, दाबलेल्या बर्फावर चपळ राहते, पण खोल बर्फात रुतते. एकशे पाचच्या पुढे गेली तर ती खोल बर्फात तरंगते, पण टणक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला आळस करते. पंच्याऐंशी ते शंभरच्या दरम्यानची जोडी दोन्हीकडे निभावते. दुसरा प्रश्न कमानीचा. पायाखाली किंचित वर उचललेली कमान टणक बर्फावर पकड देते आणि टोकांशी दिलेली उचल, जिला रॉकर म्हणतात, भुसभुशीत व ओल्या बर्फात सुटका करते. दोन्हींचा मेळ असलेली स्की सर्वांत उपयोगी पडते. तिसरा प्रश्न लांबीचा. उभी केल्यावर हनुवटीपासून डोक्यापर्यंत कुठेतरी येईल अशी जोडी बहुतेकांना चालते. शिकणाऱ्याने आखूडकडे झुकावे, वेगाची सवय असलेल्याने लांबकडे. चौथा प्रश्न खेळकरपणाचा. फार ताठ स्की वेगात स्थिर राहते, पण चूक माफ करत नाही. थोडी लवचीक आणि मागचे टोकही वळलेली स्की उड्या, गिरक्या आणि छोटी वळणे हसतहसत घेऊ देते.

गुलमर्गसारख्या ठिकाणी या प्रश्नांना विशेष अर्थ येतो. तिथे खालच्या दाबलेल्या उतारांवर नवशिके शिकतात, तर गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या कुशीत ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर नेऊन सोडतो. तिथे खोल, कोरडा बर्फ असतो आणि हिमप्रपाताचा धोकाही असतो. वाटाड्या आणि हिमप्रपाताची माहिती यांवाचून तिकडे जाऊ नये, मग पायात कितीही उत्तम स्की असो. एका आठवड्यासाठी गेलेल्या पर्यटकाने जोडी विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यावी. मात्र दुकानदाराला आपले वजन, उंची, अनुभव आणि आपण कोणत्या उतारावर जाणार हे नीट सांगावे. आणि स्कीपेक्षाही बूट पायाला नेमका बसतो की नाही, बाइंडिंग वजनाप्रमाणे बसवले आहे की नाही, हे आधी पाहावे. पाय फळीशी नीट जोडला गेला नाही तर बाकीचे सारे व्यर्थ, हा नॉरहाइमचा पहिला शोध होता. तो आजही तितकाच खरा आहे.

जगाला त्याची आठवण उशिरा झाली. १९५२ मध्ये ओस्लोत हिवाळी ऑलिम्पिक भरले. हिवाळी स्पर्धांच्या इतिहासात प्रथमच ज्योत नेण्याचे ठरले. ती ग्रीसमधून आणली गेली नाही. मोर्गेदालमधल्या नॉरहाइमच्या घरातल्या चुलीत ती पेटवण्यात आली आणि स्कीपटूंनी ती हातोहात राजधानीपर्यंत नेली. १८६८ मध्ये ज्या दिशेने तो निघाला होता, त्याच दिशेने. १९६० च्या अमेरिकेतल्या हिवाळी ऑलिम्पिकसाठीही ज्योत तिथूनच गेली. डाकोटातल्या त्याच्या थडग्यावर १९६६ मध्ये नावाची पाटी लागली आणि १९८७ मध्ये जवळच्या मायनॉट शहरात त्याचा पुतळा उभा राहिला.

ज्याच्या चुलीची ज्योत राजधानीने अशी मिरवत नेली, त्याला स्वतःची चूल पेटती ठेवण्यासाठी साठीत देश सोडावा लागला होता. गावोगावच्या अनामिक कारागिरांची हीच कहाणी आहे. तिफणीचा कोन अमुक अंशाचा असावा हे ज्या सुताराने प्रथम ठरवले, त्याचे नाव आपल्यालाही माहीत नाही. नॉरहाइमचे नाव उरले, कारण एका हिवाळ्यात तो दोनशे किलोमीटर चालत जाऊन आपली फळी लोकांना दाखवून आला. आज गुलमर्गच्या उतारावर पहिल्यांदाच उभा राहिलेला पर्यटक अंग थोडेसे कलवतो आणि पायातली फळी आपोआप वळते, तेव्हा मोर्गेदालच्या त्या भूमिहीन माणसाने केलेली सोयच त्याच्या उपयोगी पडत असते.